उभा राहिलेला गोलरक्षक

फेब्रुवारी १९१० मध्ये माँट्रियल कॅनेडियन्स हा आईस हॉकीचा व्यावसायिक संघ कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या उत्तरेकडच्या शिकुतिमी या गावी एक प्रदर्शनी सामना खेळायला गेला. संघाची स्थापना होऊन जेमतेम तीन महिने होत होते. समोर गावातला हौशी संघ होता, त्यामुळे शहरातून आलेले पगारी खेळाडू हा सामना सहज जिंकतील याविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात तो सामना गावच्या संघाने जिंकला. गावकऱ्यांच्या गोलपुढे तेवीस वर्षांचा, मध्यम उंचीचा, भरल्या अंगाचा एक तरुण उभा होता. त्याचे नाव जॉर्ज वेझिना. या तरुणाला करारबद्ध करा, असा आग्रह संघाच्या चालकांकडे धरला तो खुद्द कॅनेडियन्सचा गोलरक्षक जोसेफ कॅटरिनिच याने. संघात गोलरक्षकाची जागा एकच असते. तेव्हा या शिफारशीचा अर्थ, माझी जागा याला द्या, असाच होत होता.

वेझिनाच्या कारकिर्दीविषयी जे काही वाचायला मिळाले, त्यात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेत असताना मी मैदानावरच्या हॉकीत गोल राखत असे, म्हणूनही तसे वाटत असेल. चेंडू दुसऱ्या टोकाला असतो तेव्हा गोलरक्षकाला करण्यासारखे काहीच नसते. तो एकटा उभा राहून पलीकडच्या गोलरक्षकाकडे पाहत असतो. प्रेक्षकांना दिसतो तो अडवलेला फटका. गोलरक्षकाला दिसते ते फटका येण्याआधी त्या माणसाने उचललेले अर्धे पाऊल, काठीचे पाते जमिनीला टेकवण्याची त्याची पद्धत, आणि गर्दीतून चेंडू बाहेर येईल त्या जागी आधीच जाऊन थांबण्याची त्याची सवय. त्या विद्येचे पुरते मूल्यमापन त्याच जागेवर उभे राहिलेला दुसरा माणूसच करू शकतो. कॅटरिनिचने ते केले, आणि केल्यावर प्रामाणिकपणे सांगितलेही.

वेझिनाचा जन्म २१ जानेवारी १८८७ चा. त्याचे वडील शिकुतिमीत पाव-भट्टी चालवत. सॅग्ने नदीकाठचे हे गाव क्यूबेक शहरापासून सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेला आहे. रेल्वे तिथे पोहोचली ती १८९३ साली, आणि कागदाच्या लगद्याचा मोठा कारखाना उभारणारी कंपनी त्यानंतर तीन वर्षांनी स्थापन झाली. जॉर्ज चौदाव्या वर्षापर्यंत गावातल्या सेमिनरीच्या शाळेत शिकला आणि मग वडिलांच्या हाताखाली भट्टीवर कामाला लागला. गल्लीतल्या बर्फावर तो लहानपणापासून हॉकी खेळत होता, पण पायात साधे बूट घालून. बर्फावर घसरण्यासाठीचे पातीवाले बूट, म्हणजे स्केट्स, त्याच्या पायात आले ते किशोरवयात बराच पुढे गेल्यावर. हा तपशील सहज वाचून पुढे जावे असा नाही. ज्या खेळात सगळे घसरत, वळसे घेत, वेगाने धावत असतात, तो खेळ हा मुलगा अनेक वर्षे बर्फावर पाय रोवून खेळला. घसरून जागा बदलण्याची सोय नव्हती, त्यामुळे येणारा फटका आधी ओळखणे आणि काठीने तो अडवून बाजूला काढणे या दोनच गोष्टींवर त्याची भिस्त राहिली असणार. पुढे व्यावसायिक हॉकीत तो ज्या काठीच्या कामासाठी नावाजला गेला, त्याचे मूळ मला या बूट घातलेल्या वर्षांत दिसते.

कॅनेडियन्सचे पहिले निमंत्रण त्याने नाकारले. १९०८ साली त्याचे लग्न झाले होते, गावात त्याचे बस्तान होते, आणि हॉकी हे तेव्हा कोणी आयुष्यभर करावे असे काम मानले जात नव्हते. अखेर १९१० च्या डिसेंबरात तो आपल्या भावाला, पिएरला, बरोबर घेऊन माँट्रियलला आला. भावाची निवड झाली नाही. जॉर्जला एका हंगामाचे ८०० डॉलर ठरले आणि ३१ डिसेंबर १९१० रोजी ऑटावाविरुद्ध तो पहिल्यांदा कॅनेडियन्सच्या गोलपुढे उभा राहिला. तिथून नोव्हेंबर १९२५ पर्यंत संघाचा एकही सामना त्याच्यावाचून झाला नाही. सव्वातीनशेहून अधिक साखळी सामने आणि त्यांच्या जोडीला ३९ निर्णायक फेऱ्यांचे सामने, हे सारे सलग. या पंधरा वर्षांत संघाचे मालक बदलले, लीग बदलली, नियम बदलले, दोन रिंक, म्हणजे बर्फाची मैदाने, जळून खाक झाल्या, मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेले. गोलपुढचा माणूस मात्र तोच होता.

हे सलगपण किती कठीण होते हे समजण्यासाठी त्या काळातला गोलरक्षक कसा खेळत असे ते पाहायला हवे. आईस हॉकीचा पक म्हणजे कडक रबराची सुमारे १७० ग्रॅम वजनाची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती. ती अडवायची ती सहा फूट रुंद आणि चार फूट उंच चौकटीपुढे उभे राहून. चेहऱ्यावर मुखवटा नसे. ऑटावा आणि नंतर माँट्रियल मरून्सकडून खेळलेल्या क्लिंट बेनेडिक्टने १९३० मध्ये चेहरा फुटल्यावर थोडे दिवस चामड्याचा मुखवटा लावला. जाक प्लांतने १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुखवटा घातला तेव्हाच ती प्रथा खऱ्या अर्थाने सुरू झाली. वेझिना आयुष्यभर उघड्या चेहऱ्याने, डोक्याला लोकरी टोपी घालून खेळला.

पायांवरच्या पॅडचा इतिहास आपल्याकडच्या वाचकाला चटकन ओळखीचा वाटेल. १८९६ साली स्टॅनले चषकाच्या, म्हणजे आईस हॉकीतल्या सर्वोच्च मानाच्या चषकाच्या, सामन्यात विनिपेग व्हिक्टोरियाजचा गोलरक्षक जॉर्ज मेरिट चक्क क्रिकेटचे पॅड बांधून उतरला होता, आणि नंतर बरीच वर्षे गोलरक्षक तशाच अरुंद पॅडवर भागवत राहिले. १९२० च्या दशकाच्या मध्याला हॅमिल्टन शहरातल्या एमिल केनेस्की या घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारागिराने चामड्याचे रुंद पॅड शिवायला घेतले तेव्हा परिस्थिती पालटू लागली. तोवर वेझिनाची कारकीर्द संपत आली होती. टोरांटोच्या एका उपनगरातल्या रिंकवर भाचीच्या संघाचा सराव पाहताना तिथल्या लहानग्या गोलरक्षकाचे पॅड मी हातात घेऊन पाहिले होते. पोराच्या कमरेपर्यंत येणारे ते पॅड फोमचे होते आणि अगदी हलके होते. बाहेरून चकचकीत, आतून गुडघा टेकवण्यासाठी वेगळी गादी. काचेच्या अलीकडे उभे असूनही पक फळीवर आदळल्याचा आवाज छातीत जाणवत होता. तो फटका बारा वर्षांच्या मुलाचा होता. क्रिकेटच्या पॅडनिशी आणि उघड्या तोंडाने प्रौढ, पगारी खेळाडूंच्या फटक्यांसमोर पंधरा हिवाळे उभे राहणे म्हणजे काय, याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

आणि ‘उभे राहणे’ इथे शब्दशः घ्यायचे. त्या काळच्या नियमानुसार गोलरक्षकाला पक अडवण्यासाठी बर्फावर पडायला, गुडघे टेकायला किंवा आडवे व्हायला बंदी होती. तसे केल्यास शिक्षा होई. आजचा गोलरक्षक दोन्ही गुडघे टेकून, पाय बाजूंना पसरून गोलचा तळ झाकतो. आज सहा-सात वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा जे शिकवतात, ते वेझिनाने केले असते तर तो नियमभंग ठरला असता. त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती: तेव्हा पक पुढे उभ्या असलेल्या साथीदाराकडे ढकलायला परवानगी नव्हती. आक्रमक पक स्वतः घेऊन येत किंवा बाजूला, मागे देत. त्यामुळे हल्ला कुठून येतो आहे हे गोलरक्षकाला दिसत असे आणि कोन साधून पुढे सरकायला त्याला क्षणभर वेळ मिळे. हा क्षण ज्याला वापरता आला तो टिकला. पहिल्या दोन हंगामांत लीगमध्ये सर्वांत कमी गोल स्वीकारणारा गोलरक्षक वेझिनाच होता.

ऑटावाच्या बेनेडिक्टने या नियमाला वळसा घातला. तो सारखा पडे, आणि आपला तोल गेला, आपण मुद्दाम पडलो नाही, असे दाखवत असे. गुडघ्यांवर येण्याच्या या सवयीमुळे प्रेक्षकांनी त्याला ‘प्रार्थना करणारा बेनी’ असे नावही दिले. पंचांनी तरी किती वेळा शिक्षा करायची? नोव्हेंबर १९१७ मध्ये माँट्रियलच्या विंडसर हॉटेलात जुनी लीग बाजूला ठेवून नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली, आणि पहिल्याच हंगामात, जानेवारी १९१८ मध्ये, हा नियम रद्द करण्यात आला. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी त्या वेळी, गोलरक्षकांना हवे तर त्यांनी डोक्यावर उभे राहावे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. बेनेडिक्टच्या चातुर्याचे मला कौतुक आहे, कारण खेळाला पुढे नेणारी माणसे बऱ्याचदा अशीच नियमाच्या कडेवर चालणारी असतात. पण मन ओढ घेते ते वेझिनाकडे. पडायची मोकळीक मिळाल्यावरही तो मुख्यतः उभ्यानेच खेळत राहिला. जी विद्या बंधनात घडली होती ती बंधन सुटल्यावरही त्याला पुरत होती. नियम बदलल्यानंतर दीड महिन्याच्या आत, १८ फेब्रुवारी १९१८ रोजी, कॅनेडियन्सनी टोरांटोला ९-० असे हरवले. नॅशनल हॉकी लीगच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्याला एकही गोल न करू दिलेला तो पहिला सामना. ही नोंद पडणाऱ्या गोलरक्षकाच्या नावावर न जाता वेझिनाच्या नावावर गेली, याचे मला समाधान वाटते. त्या हंगामात कॅनेडियन्सचे घरचे मैदानही उरले नव्हते. २ जानेवारीला माँट्रियल अरीना आगीत जळाले होते, त्यात माँट्रियल वाँडरर्स हा शेजारी संघ कायमचा बंद पडला होता, आणि कॅनेडियन्स छोट्याशा ज्युबिली रिंकवर खेळत होते. पुढच्याच वर्षी तीही जळाली.

त्याआधी १९१६ साली कॅनेडियन्सनी पहिला स्टॅनले चषक जिंकला होता. पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या पोर्टलंड रोजबड्सविरुद्धची पाच सामन्यांची मालिका २-२ अशी अडली आणि ३० मार्चचा शेवटचा सामना कॅनेडियन्सनी २-१ असा जिंकला. त्याच रात्री वेझिनाच्या दुसऱ्या मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव मार्सेल स्टॅनले असे ठेवले गेले. प्रत्येक खेळाडूला विजयाबद्दल २३८ डॉलर मिळाले.

१९१९ च्या अंतिम मालिकेजवळ मात्र थांबायला हवे. चषकाची ही लढत खंडाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलमध्ये होती. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या लीगचे नियम वेगळे असल्याने एक सामना पश्चिमेच्या पद्धतीने सात खेळाडूंचा, तर पुढचा पूर्वेच्या पद्धतीने सहा खेळाडूंचा, असा क्रम होता. पहिला सामना सिएटलने ७-० जिंकला, दुसरा माँट्रियलने ४-२, तिसरा पुन्हा सिएटलने ७-२. आठवड्याच्या आत दोनदा सात-सात गोल स्वीकारलेल्या गोलरक्षकाची मनःस्थिती काय असते हे मी सांगू शकतो, कारण सात गोल हे एका अंकात लिहिले जातात, पण सोसावे लागतात एकेक करून. प्रत्येक गोलनंतर जाळ्यातून पक काढून द्यावा लागतो, पुन्हा त्याच जागी उभे राहावे लागते, आणि समोरच्याला हे दिसू द्यायचे नसते की आतून आपण हललो आहोत. २६ मार्चच्या चौथ्या सामन्यात एका बाजूला वेझिना होता, दुसऱ्या बाजूला हॅप होम्स. ठरलेली वेळ संपली, जादा वेळ खेळवली गेली, तरी एकही गोल झाला नाही. सामना ०-० असा सोडून द्यावा लागला. थकून गेलेले खेळाडू बर्फावरच कोसळले. आठवड्याभरात दोनदा सात गोल खाल्लेला माणूस त्या रात्री सामनाभर आणि जादा वेळेतही अभेद्य राहिला होता. एका गोलरक्षकाच्या आयुष्यातली एकच संध्याकाळ पाहण्याची संधी मला मिळाली, तर मी विजयाची कुठलीही रात्र सोडून हीच निवडेन.

पाचवा सामना माँट्रियलने तीन गोलांची पिछाडी भरून काढत जादा वेळेत ४-३ असा जिंकला. मालिका आता बरोबरीत होती. त्याच सामन्यात जो हॉल हा बचावपटू तब्येत बिघडल्याने बर्फावरून उतरला. स्पॅनिश फ्लूची साथ जगभर पसरली होती आणि ती आता संघाच्या मुक्कामी पोहोचली होती. १ एप्रिलला निर्णायक सामना व्हायचा होता. त्या दिवशी कॅनेडियन्सचे निम्मे खेळाडू आणि व्यवस्थापक जॉर्ज केनेडी तापाने फणफणत होते. केनेडींनी चषक सिएटलला देऊ केला. सिएटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी तो नाकारला. आजारी पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून असा विजय घेणे त्यांना मान्य नव्हते. ५ एप्रिलला जो हॉलचा सिएटलमध्येच मृत्यू झाला. चषकावर त्या वर्षासाठी दोन्ही संघांची नावे आहेत, आणि खाली मालिका पूर्ण झाली नाही असा मजकूर कोरला आहे. आजारी पडलेल्या खेळाडूंमध्ये वेझिनाचे नाव नव्हते. तो परत आला आणि पुढच्या हंगामाला नेहमीप्रमाणे उभा राहिला.

केनेडींची तब्येत मात्र त्या आजारातून कधीच पूर्ण सावरली नाही आणि १९२१ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नीकडून ११,००० डॉलरला संघ विकत घेतला तो तिघांनी: लिओ दांद्युरां, लुई लेतूर्नो आणि जोसेफ कॅटरिनिच. होय, तोच कॅटरिनिच. ज्याच्यासाठी आपण जागा सोडली त्या माणसाचा तो आता मालक झाला होता.

वेझिनाच्या स्वभावाविषयी ज्या नोंदी मिळतात त्या जवळजवळ सगळ्या त्याच्या अबोलपणाच्या आहेत. सामना जिंको वा हरो, तो कपडे बदलण्याच्या खोलीतल्या आपल्या कोपऱ्यात पाइप ओढत बसे. उन्हाळ्यात शिकुतिमीला परते आणि चामडे कमावण्याचा आपला छोटा कारखाना चालवी. ऐन गर्दीतही त्याची शांतता ढळत नसे, म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला ‘शिकुतिमी कुकुंबर’, म्हणजे शिकुतिमीची काकडी, हे टोपणनाव दिले; शांत माणसाला इंग्रजीत काकडीसारखा थंड म्हणतात. जो माणूस स्वतःविषयी बोलत नाही त्याच्याविषयी इतर लोक बोलतात, आणि इथे ते काम दांद्युरांनी हौसेने केले. वेझिनाला इंग्रजीचा गंध नाही, त्याला बावीस मुले आहेत, त्यांत तीनदा तिळी झाली आणि ही सगळी नऊ वर्षांत जन्मली, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. ते छापून आले, खरे मानले गेले आणि कित्येक दशके हॉकीच्या लेखनात फिरत राहिले. वास्तवात त्याला दोन मुलगे होते, आणि मोडकेतोडके का होईना, त्याला इंग्रजी येत होते.

ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. मला तीत गंमत वाटत नाही. इंग्रजी भाषकांच्या हाती पैसा आणि वृत्तपत्रे असलेल्या शहरात, फ्रेंच बोलणाऱ्या खेड्यातल्या पाववाल्याचा मुलगा कसा असावा, याचे एक तयार चित्र लोकांच्या मनात होते: भोळा, निरक्षर वाटावा असा, ढीगभर पोरांचा बाप. दांद्युरांनी त्या चित्रात आपला गोलरक्षक बसवला, कारण चित्राने तिकिटे खपतात. आपल्या आवडत्या खेळाडूंच्या बाबतीत आपणही हेच करतो. एक खोटा पण रंगतदार किस्सा इतका चिकटतो की माणसाने प्रत्यक्षात केलेले काम त्याखाली दिसेनासे होते. काम सांगायला आकडे लागतात आणि धीर लागतो. वेझिनाचे आकडे असे आहेत: १९२३-२४ च्या हंगामात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने २४ सामन्यांत दर सामन्यामागे सरासरी १.९७ गोल स्वीकारले आणि संघाने दुसरा स्टॅनले चषक जिंकला. त्यापुढच्या हंगामात ३० सामन्यांत ही सरासरी १.८१ पर्यंत खाली आली. तोवर हॉकी अधिक वेगवान झाली होती. त्याच्याच संघात हाउइ मोरेंझ आणि ओरेल जोलिया यांच्यासारखे नव्या पिढीचे खेळाडू आले होते, आणि सरावात रोज त्यांच्याच फटक्यांना सामोरे जावे लागत होते. चाळिशीकडे झुकलेला, पडायला न शिकलेला गोलरक्षक आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी त्याच दिवसांत करत होता. बावीस मुलांच्या कहाणीपेक्षा ही हकीकत कितीतरी विस्मयकारक आहे.

१९२५ च्या शरद ऋतूत तो माँट्रियलला सरावासाठी आला तेव्हा त्याची प्रकृती ढासळलेली होती. पाहणाऱ्यांना ते दिसत होते. तो काही बोलला नाही. सहा आठवड्यांत त्याचे वजन सुमारे पस्तीस पौंडांनी, म्हणजे सोळा किलोंनी, उतरले होते. २८ नोव्हेंबरला पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध हंगामाचा पहिला सामना होता. अंगात ३९ अंशांचा ताप घेऊन तो गोलपुढे गेला. पहिल्या वीस मिनिटांत त्याने गोल होऊ दिला नाही. मध्यंतरात त्याला रक्ताची उलटी झाली. तरी तो दुसऱ्या सत्रासाठी परत बर्फावर आला आणि गोलच्या तोंडाशीच कोसळला. त्याच्या जागी अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातून खेळलेला आल्फाँस लाक्रवा याला उभे करण्यात आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले.

त्याला कोणी थांबवले का नाही, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करतो. त्याचे एक उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. संघ एकच गोलरक्षक ठेवत. सामन्याला दुसरा गोलरक्षक तयार ठेवण्याची सक्ती नॅशनल हॉकी लीगमध्ये १९६५ नंतर आली. गोलरक्षक आजारी पडला तर शेजारपाजारचा कोणी हौशी खेळाडू शोधावा लागे. अशा व्यवस्थेत न चुकता हजर राहणे हा पंधरा वर्षे गुण मानला गेला, आणि सोळाव्या वर्षी तोच गुण त्याच्या जिवावर उठला. वेझिनाच्या त्या रात्रीचे वर्णन बहुतेक ठिकाणी शौर्य म्हणून केले जाते. मला तसे लिहवत नाही. त्याच्या निष्ठेविषयी मला नितांत आदर आहे, पण तापाने भाजत असलेल्या माणसाला मध्यंतरानंतर पुन्हा बर्फावर जाऊ देणाऱ्या खोलीविषयी मला आदर वाटत नाही.

क्षयावर तेव्हा औषध नव्हते. कॉखने रोगाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता, पण त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. तोवर विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढेच उपाय होते. आपल्याकडच्या जुन्या घरांत अजूनही कोणाला तरी मिरजेला हवापालटासाठी ठेवल्याची आठवण निघते. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय याच काळातले, आणि ज्यांच्या नावाने ती वसाहत आहे ते डॉक्टर विल्यम वानलेस जन्माने कॅनडाचेच, ऑंटारियो प्रांतातले. तिथे काय आणि इथे काय, डॉक्टर रुग्णाला घरी किंवा कोरड्या हवेत पाठवण्यापलीकडे फार काही करू शकत नव्हते. वेझिनालाही गावी परत जाण्याचा सल्ला मिळाला.

जाण्यापूर्वी, ३ डिसेंबरला, तो एकदा संघाच्या खोलीत आला. दांद्युरांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार सामानाची व्यवस्था पाहणाऱ्या एडी दुफूरने त्याचे पॅड आणि स्केट्स नेहमीप्रमाणे त्याच्या कोपऱ्यात मांडून ठेवले होते. वेझिना त्यांच्याकडे पाहत बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग त्याने एक मागणी केली: गेल्या अंतिम मालिकेत घातलेला आपला स्वेटर आपल्याला मिळावा. दांद्युरांच्या इतर गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही, हे वर आलेच आहे. या गोष्टीवर ठेवतो. तिच्यात विकाऊ असे काही नाही, आणि मागितलेली वस्तू अगदी साधी आहे.

पत्नी मारीबरोबर तो शिकुतिमीला गेला. संघाने त्या हंगामाचा त्याचा पूर्ण पगार, ६,००० डॉलर, दिला. त्याच्याविना कॅनेडियन्स त्या वर्षी लीगमध्ये शेवटच्या स्थानावर राहिले. २७ मार्च १९२६ रोजी शिकुतिमीच्या ओतेल-द्यू रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

पुढच्या हंगामाच्या आरंभी दांद्युरां, लेतूर्नो आणि कॅटरिनिच यांनी त्याच्या नावाने लीगला एक करंडक दिला. हा वेझिना करंडक पहिली तीन वर्षे त्याच्याच जागी आलेल्या जॉर्ज हेन्सवर्थने जिंकला. त्यातल्या १९२८-२९ च्या हंगामात त्याने ४४ पैकी २२ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला गोल करू दिला नाही. १९४५ मध्ये हॉकीच्या कीर्तिदालनात ज्या पहिल्या खेळाडूंची निवड झाली त्यांत वेझिना होता, आणि शिकुतिमीच्या रिंकला १९६५ पासून त्याचे नाव आहे.

करंडकाचा मूळ निकष मात्र आज फारसा कोणाला आठवत नाही. सुरुवातीला तो मतदानाने दिला जात नसे. हंगामात ज्या संघाने सर्वांत कमी गोल स्वीकारले त्या संघाच्या गोलरक्षकाला तो आपोआप मिळे. १९८१-८२ पासून तो संघांच्या महाव्यवस्थापकांच्या मतांनी सर्वोत्तम गोलरक्षकाला दिला जाऊ लागला आणि जुना निकष विल्यम जेनिंग्ज यांच्या नावाच्या दुसऱ्या करंडकाकडे गेला. या बदलामागचे कारण मला पटते. स्वीकारलेले गोल हे बचावपटूंच्या कामावरही अवलंबून असतात, आणि दुबळ्या संघाच्या मागे उभा राहून चाळीस-चाळीस फटके अडवणाऱ्या गोलरक्षकावर जुन्या निकषाने अन्याय होत असे. तरीही वेझिनाच्या नावाच्या करंडकासाठी जुनी पद्धतच राहायला हवी होती असे मला वाटते. तिच्यात कोण किती देखणा खेळला, कोणाची चर्चा किती झाली, कोणाच्या कहाण्या किती पसरल्या, याला स्थान नव्हते. हंगाम संपल्यावर जाळ्यात गेलेले पक मोजायचे, आणि सर्वांत कमी जिथे गेले तिथे उभ्या असलेल्या माणसाला करंडक द्यायचा. कॅटरिनिचने १९१० च्या फेब्रुवारीत शिकुतिमीला जी पारख केली होती, तिचा निकष याहून वेगळा नव्हता.